पेंढ्याची माती

तुम्ही खोटं बोललात. चुकून नव्हे, डोळे उघडे ठेवून, वर शिक्का मारून बोललात. आमच्या वसाहतीच्या फाटकावर तुम्ही नवा फलक लावलात: 'या आवारातील माती तपासणीत निर्धोक आढळली आहे.' त्या वाक्यात एक शब्द खोटा आहे. लोकांना वाटतं तो 'निर्धोक' असेल. नाही. खोटा शब्द आहे 'माती'.

कसा, ते सांगते. तोंडी सांगायला आले होते तेव्हा तुमच्या माणसाने मला बाकड्यावर बसवून ठेवलं आणि जेवायला निघून गेला. म्हणून आता लिहिते. मी लाँड्रीत इस्त्री करते. लिहायचं मला कुणी शिकवलं नाही, आणि गप्प बसायचंही नाही.

आमची वसाहत कुठे उभी आहे ते तुम्हाला माहीत आहे, कारण ती तुम्हीच उभी केलीत. तिथे बॅटऱ्यांचा कारखाना होता. माझा भाऊ त्यात शिसं वितळवायचा. कारखाना बंद पडला, पाडला, आणि त्याच जागेवर त्याच कामगारांना तुम्ही घरं दिलीत. फीत कापलीत, फोटो काढलेत. भावाने चावी घेतली, दोन वर्षं राहिला आणि गेला. मागे राहिलो आम्ही चौघी: वहिनी, मी, वहिनीची मुलगी म्हणजे माझी भाची, आणि भाचीची पोर. पोरीला आम्ही घूस म्हणतो. कारण ती उकरते. रांगायला लागली तेव्हापासून मागच्या भिंतीपाशी बसून उकरते, आणि उकरलेलं तोंडात घालते. मोठी माणसं काही घोळ घालून आली की आपण म्हणतो, माती खाऊन आला. आमची घूस खरोखरची खायची. दटावलं तर दात दाखवून हसायची, आणि दातही काळे.

मग ती चालायची ती धडपडायला लागली, जेवेनाशी झाली, पोट दुखतं म्हणून रडायची. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. रक्तात शिसं.

"घरात जुना रंग सोलतोय का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "जुन्या बॅटऱ्या वगैरे ठेवल्यात कुठे?"

"ठेवल्यात कुठे काय?" वहिनी म्हणाली. "बॅटरीवरच राहतो आम्ही."

डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध देईन, पण हिला त्या मातीपासून लांब ठेवा, नाहीतर औषधाचा काही उपयोग नाही. वहिनी तिथून उठली ती थेट तुमच्या कार्यालयात आली. म्हणाली, आमच्या आवारातली माती उकरून न्या आणि चांगली आणून टाका. तुम्ही काय केलंत? फलक लावलात. पहिला फलक. 'या आवारातील मातीत कोणत्याही प्रकारची लागवड करू नये.' आणि इमारतीमागे वहिनीचा जो एवढासा वाफा होता तो तुमची माणसं उपटून घेऊन गेली. वांगी गेली, मिरच्या गेल्या. माती तिथेच. पोरं तिथेच. वांग्याला जे बाधतं ते पोरांना बाधत नाही, हे शास्त्र तुम्ही कुठे शिकलात?

पुढचं विचारायला गेलो की एकच पाठ केलेलं उत्तर: तपासणी होऊ द्या. तपासणीत काही निघालं तर खोदू.

आता वहिनीबद्दल. आम्ही एका घरात राहतो म्हणजे आमचं पटतं असं कुणी समजू नये. तिला माझ्या इस्त्रीचा वास सहन होत नाही, मला तिची जीभ. इस्पितळाच्या फरश्या पुसून पुसून तिची कंबर गेली. वाकता येत नाही. खाली पडलेला चमचा उचलायचा तरी मला हाक मारते, आणि हाक अशी मारते की चमचा मीच पाडलाय. वाफा गेल्यावर तर तिने घरात धुमसायला सुरुवात केली. भाची सकाळी कामावर पळायची, मी लाँड्रीत, आणि वहिनीने दिवसभर घुशीला दोरीने बांधल्यासारखं खोलीत कोंडायचं. पोर दारावर डोकं आपटायची. शेवटी वहिनीच हरायची, दार उघडायची, आणि पोर थेट भिंतीपाशी.

माझा एक मानलेला भाऊ आहे, टेम्पो चालवतो. घोड्यांच्या तबेल्यात पेंढा पोचवतो. भिजलेले गठ्ठे घोड्यांना चालत नाहीत, ते फेकून देतात. त्याने कुठेतरी पाहिलं होतं की अशा गठ्ठ्यांतच लोक भाज्या लावतात. ना जमीन लागते, ना वाफा. एका रविवारी त्याने टेम्पो भरून गठ्ठे आणले आणि आमच्या आवारात जो सिमेंटचा चौक आहे तिथे ओळीने मांडले.

"हे काय, घोडा पाळताय का वन्सं?" वहिनी म्हणाली.

"तुमच्यासाठीच आणलेत," मी म्हटलं. "कमरेएवढे उंच आहेत. वाकायला नको. आणि फलकावर लिहिलंय मातीत लावू नये. ही काही माती नाही."

वहिनीने गठ्ठ्याला कंबर टेकवून उंची मापली. मग म्हणाली, "तुमच्या डोक्यात एवढं कधीपासून शिरायला लागलं?" आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात.

गठ्ठ्यात नुसतं बी खोचलं तर काही होत नाही. आधी त्याला रोज पाणी पाजायचं, वर युरिया टाकायचा, की तो आतून कुजायला लागतो आणि तापतो. चांगला सडकून तापतो. तो ताप उतरला की मग रोपं लावायची. वहिनीने हे सगळं टेम्पोवाल्याकडून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी अशा थाटात सांगायला लागली जणू तिच्या बापाने शोध लावला. तळमजल्यावरचा मेकॅनिक खिडकीतून ओरडला, "वहिनी, युरिया विकत कशाला आणता? आमच्या घरात पाच गडी आहेत, रोज सकाळी लाइन लावतो!" वहिनीने त्याच्यावर पाण्याची झारी उपडी केली. तो म्हणाला, "बघा, मलाही ताप चढला."

त्याच आठवड्यात तुमचे साहेब आले. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखालच. काळा चष्मा वापरतात आणि तो कायम कपाळावर ठेवतात. आमच्या आवारात त्यांना गॉगल म्हणतात.

"हा कचरा कोणाचा?" गॉगल म्हणाले.

"कचरा नाही तो," वहिनी म्हणाली. "बाग आहे."

"बागेत झाडं असतात, बाई."

"पाळण्यात पोर दिसायच्या आधी आई गरोदर असते की नाही? तसं आहे ते."

गॉगलनी एका गठ्ठ्यात हात खुपसला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "हे गरम का आहे?"

"ताप आलाय त्याला."

"चेष्टा करता? उद्या पेट घेतला तर? सगळी इमारत जळेल!"

"ओलं आहे हो साहेब, पाणी गळतंय खाली. ओलं कुठे पेटतं? थोडे दिवस थांबा, उतरेल ताप. आणि हात धुऊन घ्या," वहिनी मेकॅनिकच्या खिडकीकडे बघत म्हणाली, "आत काय काय घातलंय ते मी सगळ्यांना सांगत नाही."

गॉगल हात लांब धरून नळ शोधत गेले. आम्ही हसलो. ते हसणं त्यांनी लक्षात ठेवलं असणार. ठेवू देत. जाताना मात्र बजावून गेले: कचरा आहे, उचलावा लागेल. पुढच्या वेळी कामगार घेऊन येतो.

ताप उतरला. वहिनीने गठ्ठ्यांना कप्पे पाडले, मूठ मूठ खत भरलं, रोपं लावली. टोमॅटो, काकडी, घेवडा, मिरची. कडेच्या गठ्ठ्यांना झेंडू. सुरुवातीला सगळं हास्यास्पद होतं. पेंढ्यात राहिलेले दाणे उगवले आणि गठ्ठ्यांना हिरवे केस फुटले. मग एका सकाळी करड्या छत्र्या उगवल्या आणि वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, बुरशी आली, आता रोगराई येणार. वहिनी म्हणाली, रोगराई आधीच आली आहे, तुमच्या नवऱ्याच्या रूपाने. पण नंतर झाडांनी जोर धरला. वेल दोरीवरून वर चढले. वहिनी ताठ उभी राहून खुडायची, बांधायची, पाणी घालायची. कंबरेला हात लावून कण्हणारी बाई मी कितीतरी दिवस पाहिली नव्हती.

आणि घूस. घूस भिंतीपाशी जायची बंद झाली. जाईल कशाला? सिमेंटच्या चौकात गठ्ठ्यांच्या मधून तिला लपायला जागा, उकरायला पेंढा, तोंडात घालायला कोवळा घेवडा. नखांत काळं काही नाही. तोंडावर टोमॅटोचा रस. पुढच्या वेळी रक्त तपासलं तेव्हा शिसं उतरलं होतं. थोडंसंच, पण उतरलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, जे काय करताय ते बंद करू नका. म्हणून सांगते, तुम्ही ज्याला कचरा म्हणत होतात तो आमच्या पोरीचं औषध होता.

वहिनीला मात्र तो 'कचरा' शब्द डसला होता. गॉगल आणखी एकदोनदा फाटकातून डोकावले आणि दरवेळी तेच म्हणाले. वहिनी घरात येऊन भांडी आपटायची. "कचरा म्हणतो! कचरा! याच्या घरात फुलं येतात का?" हंगाम सरत आला तसे गठ्ठे खचायला लागले, कमरेचे गुडघ्याशी आले, आणि आत हात घातला की काळंभोर, भुसभुशीत, ओलसर, भाजलेल्या कॉफीसारखं काहीतरी मुठीत यायचं. वहिनी ते हातावर घेऊन येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायची. मला दाखवायची, मेकॅनिकला दाखवायची. "बघ. पेंढा होता. बघ आता."

एका संध्याकाळी मी लाँड्रीतून आले तर वहिनी चक्क गुणगुणत होती.

"आज गॉगल आला होता," ती म्हणाली. "काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, वा बाई, काय सुंदर माती आहे! माती म्हणाला, वन्सं! स्वतःच्या तोंडाने."

"अरे वा," मी म्हटलं. "वाढा आता. भूक लागलीय."

मग तुमचा नवा फलक लागला. मी कामावर जाताना वाचला, परत वाचला, तशीच मागे फिरले. वहिनी चौकात काकड्या काढत होती. मी म्हटलं, "खालची माती कधी तपासली यांनी? कुणी खणताना पाहिलं का?"

वहिनीचा हात वेलावर थांबला.

"वहिनी, गॉगल आला होता त्या दिवशी नेमकं काय झालं?"

तिने सांगितलं. लगेच नाही, अडखळत सांगितलं. गॉगल एकटेच आले होते, हातात पिशव्या. कडक ऊन. भिंतीपाशी गेले, बुटाची टाच आपटून पाहिली, जमीन दगडासारखी. बरोबर खणायला काही नव्हतं. मग चौकात आले आणि म्हणाले, बाई, मातीचा नमुना हवाय, इथे मऊ माती कुठे मिळेल? आणि गठ्ठ्याकडे बघून म्हणाले, वा, काय सुंदर माती आहे. वहिनी फुलून गेली, म्हणाली, मातीच आहे ती. इतके दिवस कचरा म्हणणारा माणूस माती म्हणाला. तिने स्वतःच्या हाताने, सगळ्यात चांगल्या गठ्ठ्यातून, सगळ्यात काळी, सगळ्यात भुसभुशीत बघून पिशव्या भरून दिल्या. वर विचारलं, पुरेल का, आणखी देऊ?

"मला वाटलं बागेचं कौतुक करायला नेतोय," वहिनी म्हणाली. तिचा चेहरा बघवेना. "मला वाटलं तिकडे दाखवेल, बघा, यांनी काय केलंय."

अशी चूक दुसरं कोण करणार? ज्याला कुणी कधी बरं म्हटलं नाही तोच एका बऱ्या शब्दावर पिशव्या भरून देतो. आणि तुम्ही तो शब्द बरोबर हेरून वापरलात की उन्हाचा कंटाळा आला म्हणून वापरलात, मला फरक पडत नाही. घोड्याच्या पेंढ्यात शिसं कुठून येणार? तुमचा अहवाल खरा आहे. त्या पिशवीतलं निर्धोकच होतं. फक्त ते आमच्या पायाखालचं नव्हतं.

आम्ही दोघी तुमच्या कार्यालयात आलो. वहिनीने इस्त्रीची साडी नेसली होती, मीच केली होती. गॉगल पंख्याखाली बसले होते.

"नमुना आवारातूनच घेतलाय," ते म्हणाले. "बाहेरून आणला का मी?"

"आवारातला आहे," मी म्हटलं. "पण ती माती नव्हे. तो कुजलेला पेंढा आहे."

"पेंढा कुजला की त्याचं काय होतं? मातीच ना? तुमच्या वहिनी स्वतः म्हणाल्या. काय हो बाई, म्हणाला होतात ना, माती आहे म्हणून?"

वहिनी म्हणाली, "म्हणाले होते."

"मग झालं तर. माती तपासली, स्वच्छ निघाली, तुम्हाला आनंद व्हायला हवा. आता खणायची गरज नाही. खुशाल लावा वांगी."

"साहेब," वहिनी म्हणाली, "भिंतीपाशी चला माझ्याबरोबर. पोरगी बसते तिथली घ्या. मी कुदळ आणते."

"प्रत्येकाने सांगितलेल्या ठिकाणी खणत बसलो तर झालंच. नमुना मातीचा होता. नसेल, तर काय होता ते सांगा. मला लिहावं लागेल ना? काय होता?"

गॉगलनी पेन उघडलं.

"पेंढा म्हणून लिहू? मग त्यात झाडं कशी आली? खत म्हणू? खताचा परवाना आहे? तुम्हीच सांगा शब्द. माती नाही, तर काय?"

मी बोलणार तेवढ्यात वहिनीने माझा दंड धरला. त्या बाईने माझ्याशी, शेजाऱ्यांशी, तुमच्याशी, त्या एका शब्दावरून अख्खा हंगाम भांडण केलं होतं. ती टेबलाकडे बघत म्हणाली,

"कचरा."

"काय?"

"कचरा आहे तो, साहेब. तुम्ही म्हणत होता तेच बरोबर. सडका कचरा. मला काही कळत नाही, मी कचऱ्यात झाडं लावली आणि त्याला माती म्हटलं. तो नमुना फेकून द्या. खालची माती न्या."

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. मी वहिनीला घरी, दारी, इस्पितळात, नवरा गेला तेव्हाही पाहिलं आहे. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

गॉगलनी चष्मा कपाळावरून काढला, पुसला, परत कपाळावर ठेवला. "अहवाल वर गेलाय," ते म्हणाले. "तो आता बदलत नाही. पण कचरा आहे हे तुम्ही कबूल केलंत ते बरं झालं. त्याचं बघतो."

आणि बघितलंत. दुसऱ्याच सकाळी तुमची गाडी आली. माणसांनी फावडी घातली आणि गठ्ठे फोडले. दोऱ्यांवरचे वेल दोऱ्यांसकट खाली आले. त्यातला एक भला माणूस म्हणाला, "बाई, हिरवे टोमॅटो तरी काढून घ्या." वहिनी दारापर्यंत आली नाही. मी ओंजळीत येतील तेवढे घेतले. मेकॅनिक त्यांच्याशी भांडत राहिला, वरच्या मजल्यावरची बाईसुद्धा खाली येऊन भांडली, तीच बुरशीवाली. झेंडू गाडीच्या टपावर टाकले होते, ते वळणावर खाली पडले आणि तसेच पडून राहिले. चौक झाडून, पाणी मारून, अगदी स्वच्छ करून दिलात. एरवी तुम्ही कधी झाडत नाही.

घूस तासभर त्या रिकाम्या सिमेंटवर फिरली. ओल्या चौकोनांवर बसून पाहिलं, नखांनी खरवडून पाहिलं. काही लागलं नाही. मग ती उठली आणि मागच्या भिंतीकडे गेली. वहिनीने तिला उचलून आणलं. ती परत गेली. वहिनीने दार लावलं. ती आत डोकं आपटते आहे, मी हे लिहिते आहे तेव्हाही.

म्हणून तुम्हाला विचारते, आणि उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही. जे तुम्ही पिशवीत भरून नेलंत आणि जे तुम्ही गाडीत भरून नेलंत, ते एकाच गठ्ठ्यातलं होतं. ती माती होती, तर कचरा म्हणून उचललीत कुठल्या अधिकाराने? तो कचरा होता, तर त्याच्या जोरावर आमची जमीन स्वच्छ ठरवलीत कुठल्या तोंडाने? दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. एक निवडा. जे निवडाल ते फाटकावर लिहा, त्याखाली तुमचं नाव लिहा, आणि मग कुदळ घेऊन भिंतीपाशी या, जिथे आमची पोर बसते. तिथलं एक टोपलंभर आमच्यासमोर उकरा आणि सांगा त्यात काय आहे.

कधी येताय? तारीख सांगा.